आईचा हात सुजलाय, पाणी कमी प्यायला सांगू का?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय:

"नमस्कार ताई. मी निफाड तालुक्यातला, नोकरी अंबड एमआयडीसीत, राहायला सिडकोत. आई-वडील गावी असतात, तीन एकर द्राक्षबाग आहे. आई ५८ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या १८ गाठी काढल्या, मग केमो आणि लाईटचे शेक (रेडिएशन). रिपोर्ट चांगले आले. पण दोन महिने झाले उजवा हात सुजतोय, संध्याकाळी जास्त, बांगड्या रुततात. दुखत नाही, जड वाटतो म्हणते. ऑपरेशन छातीचं, मग हात का सुजतो तेच कळत नाही. मावशी म्हणते पाणी कमी पी आणि हात गळ्यात बांधून ठेव. भावकीतले म्हणतात हत्तीरोग आहे, एकाच्या हाताला झाला की घरात पसरतो. मेडिकलवाल्याने लघवीची गोळी दिली, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. बायकोने कॉलेज रोडच्या एका स्पाची जाहिरात दाखवली, लिम्फ डिटॉक्स मसाज, दहा सेशनचं पॅकेज, सोबत स्टीम फ्री. घ्यायचं का? गोडी छाटणी दीड महिन्यावर आलीय, आई ऐकणार नाही, कामाला लागेल."

दादा, आधी एक काम, ते झालं की मग बाकीचं वाचा. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांना आईंचा हात या आठवड्यातच दाखवा. मला जे वाटतंय ते मी पुढे लिहितेच पण पत्रावरून कोणी हात तपासू शकत नाही, आणि कॅन्सर झालेल्या बाईचा हात नव्याने सुजला तर काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर परत गाठ नाही ना, शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे डॉक्टरांनी हाताने आणि गरज वाटली तर सोनोग्राफीने बघायलाच पाहिजे. गुठळीची सूज बहुतेक एकदम येते, एक-दोन दिवसांत, हात दुखतो, रंग बदलतो. तसं काही झालं किंवा धाप लागली तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं.

आता हात का. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीसेक वर्षं असे हात बघतेय, आणि पेशंट बागाईतदार घरातला असला की मला समजावणं फार सोपं जातं, कारण हे सगळं प्रकरण पाण्याच्या निचऱ्याचं आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

पाटाचं पाणी कसं येतं बघा. धरणातून पाट, पाटातून चारी, चारीतून पोटचारी, शेवटी सरी. शरीरात रक्त तसंच जातं, मोठी रोहिणी, मग लहान, मग केसाहून बारीक केशवाहिन्या. आणि या केशवाहिन्या काही सिमेंटच्या नाहीत, त्या पाझरतात. पाझरायलाच पाहिजेत, नाहीतर पेशींना ऑक्सिजन आणि अन्न मिळणार कसं. तर रक्तातलं पाणी, त्यात थोडी प्रोटीनं, हे बाहेर मांसात झिरपतं, पेशी त्यातून हवं ते घेतात, आणि उरलेला पाझर परत रक्तात जायला लागतो. तो गोळा करून नेणारी जी चरांची व्यवस्था आहे ती म्हणजे लसीकासंस्था, तुमच्या जाहिरातीतलं लिम्फ ते हेच. पाट वेगळा, चर वेगळा. शाळेत आपल्याला हृदय, रोहिणी, नीला सगळं काढून दाखवतात, चरांचं कोणी नावही काढत नाही आणि मग एक दिवस हात सुजला की घरातले सगळे गोंधळतात.

हा पाझर किती असेल? पुस्तकी आकडा दिवसाला साधारण ३ लिटर. कमी वाटतोय ना, पण अंगातल्या सगळ्या रक्ताचा पातळ भाग, प्लाझ्मा, तोच मुळी ३ लिटरच्या आसपास असतो. म्हणजे रोज जवळजवळ सगळा प्लाझ्मा एकदा बाहेर झिरपून चरांच्या वाटेने घरी येतो. ही वाट पूर्ण बंद पडली तर माणूस साधारण एका दिवसात जाईल असं शरीरशास्त्राच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि आता खरी गंमत, जिच्यासाठी मी एवढं लांबड लावतेय. रक्ताला मोटर आहे, हृदय. या चरांना मोटर नाही. मोठ्या लसीकानळ्यांच्या भिंतीत थोडा स्वतःचा जोर असतो, त्या तुकड्या-तुकड्याने आवळत पाणी पुढे ढकलतात, पण बराचसा भार आपल्या हालचालीवर असतो. स्नायू आवळला की नळी दाबली जाते, पाणी पुढे सरकतं, आणि मागे येत नाही कारण थोड्या-थोड्या अंतरावर झडपा आहेत, तुमच्या पाइपलाइनवर एनआरव्ही बसवतो ना, अगदी तशाच. श्वास घेतला की पोट-छातीतला दाब बदलतो, त्यानेही पाणी वर ओढलं जातं. म्हणजे चालणं, हात हलवणं, मोठा श्वास हीच मोटर. मावशींचा सल्ला प्रेमाचा आहे पण बरोबर उलटा आहे, हात गळ्यात बांधला म्हणजे मोटरच बंद केली.

चर शेवटी कुठे सुटतात? मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या हाडामागे, तिथे मोठ्या शिरांना मिळतात. वाटणी मात्र समान नाही. दोन्ही पाय, पोट, डावी छाती, डावा हात, डोक्याची डावी बाजू, हे सगळं डावीकडे सुटतं. उजवीकडे फक्त उजवा हात, उजवी छाती आणि डोकं-मानेची उजवी बाजू. ही माहिती नुसती पाठ करायला नाही, मसाजवर आलो की लागेल.

वाटेत जागोजागी चौक्या आहेत, त्या म्हणजे लसीकाग्रंथी, आपल्या भाषेत गाठी. प्रत्येकाच्या अंगात पाच-सहाशे तरी असतात, घेवड्याच्या दाण्याएवढ्या, एरवी हातालाही लागत नाहीत. चौकीत पाटकरी बसलेले, म्हणजे पांढऱ्या पेशी, आलेल्या पाण्यात जंतू आहे का तपासतात, सापडला तर तिथेच अडवतात. लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण यायचं, आठवतं का? आमच्या सिन्नरच्या आजीला त्यातलं शास्त्र माहीत नव्हतं पण जांघ दुखतेय म्हटलं की ती आधी तळपाय बघायची. चौकीत मारामारी चालू आहे, म्हणून गाठ सुजली, आजीचं निदान शंभर टक्के बरोबर असायचं.

स्तनाचा पाझर साधारण पाऊण हिस्सा काखेतल्या चौक्यांकडे जातो. कॅन्सरच्या पेशी सुटल्या तर त्याही याच चरातून वाहत येतात आणि आधी काखेत अडकतात, म्हणून डॉक्टर काखेतल्या गाठी काढतात, आजार कुठवर गेलाय ते कळतं आणि असलेला निघूनही जातो. पण हाताचा पाझरही त्याच काखेतून जातो ना! तिथल्या १८ चौक्या काढल्या, त्यांना जोडलेले चर तुटले, वर शेकाने आजूबाजूची जागा घट्ट झाली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ऑपरेशन छातीचं होतं पण नाला हाताचाही होता.

याला लिम्फेडिमा म्हणतात. काखेतल्या गाठी अशा सरसकट काढलेल्या बायकांत साधारण पाचातल्या एकीला होतो. आता बऱ्याच ठिकाणी आधी रंग सोडून पहिली चौकी कोणती ते शोधतात आणि तेवढीच काढून बघतात, त्यात धोका बराच कमी. पण आईंच्या वेळी सगळ्या का काढल्या म्हणून डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका हां, गाठीत आजार दिसला असेल तर काढाव्या लागतात.

दोन वर्षांनीच का? कारण उरलेले चर इतके दिवस कसंबसं जमवत होते. मग एखादा सीझन जड जातो, थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करताना, दिवसभर हात वर, क्रेट उचलणं, कधी कात्री लागली, कधी किडा चावला, कधी वजन वाढलं, आणि पाझर निचऱ्यापेक्षा जास्त होतो. काही जणींना पाच-दहा वर्षांनीही होतं.

आता पाण्याचं. आई जे पाणी पितात ते हातात जाऊन साचत नाही. साचलेल्या पाझरात प्रोटीन आहे आणि प्रोटीन पाण्याला धरून ठेवतं, ओढूनही घेतं. लघवीची गोळी रक्तातलं पाणी काढते, हात थोडा उतरतो, पण प्रोटीन तिथेच राहतं, ते परत पाणी ओढतं, म्हणून दोन दिवस बरं आणि परत तेच. ती गोळी या सुजेसाठी घेऊ नका, बीपी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी वेगळी दिली असेल तर ती अर्थात चालू. पाणी नेहमीसारखं प्यायचं. केळं, भात, दही यांनी हात सुजत नाही, उगीच त्यांचं जेवण तोडू नका, मीठ बेताचं आणि वजन आटोक्यात एवढं बस. खरं तर वजन हा मोठा मुद्दा आहे, जाड हातात निचरा अजून अवघड होतो, पण ५८ वर्षांच्या आईला मुलाने हे सांगायचं म्हणजे, असो, डॉक्टरांकडून सांगवा.

आणि हे लांबणीवर टाकू नका म्हणते त्याचं कारण. काळ्या जमिनीत निचरा नसेल तर काय होतं? आधी चिबड, म्हणजे पाणी साचून राहतं. त्या टप्प्यावर चर काढला तर जमीन परत येते. तसंच सोडलं तर क्षार वर येतात, पांढरा थर, जमीन खारवट, मग नुसता चर काढून भागत नाही. हातात तेच होतं. आत्ता बोटाने दाबलं की खड्डा पडत असेल, हात उंच ठेवून झोपल्यावर सकाळी उतरत असेल, म्हणजे अजून चिबडच आहे. वर्ष-दोन वर्षं तसंच राहिलं तर प्रोटीनमुळे तिथे तंतू आणि चरबी वाढते, हात टणक होतो, दाबला तरी दबत नाही, मग उपचार चालतात पण हात पहिल्यासारखा होणं अवघड.

भावकीला सांगा की हा हत्तीरोग नाही. हत्तीरोग वुचेरेरिया नावाच्या बारीक कृमीमुळे होतो, क्युलेक्स डासातून पसरतो, कृमी या लसीकानळ्यांत घर करून त्या बिघडवतात. आपल्या राज्यात तो मुख्यतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात. सूज दिसायला सारखी कारण बिघाड त्याच चरांचा, पण आईंच्या हाताची लागण कोणालाही होत नाही, त्यांच्या हातची भाकरी बिनधास्त खा. आणि ही गोष्ट त्यांच्यासमोर मोठ्याने बोला, कारण अशा कुजबुजीने बाया हात पदराखाली लपवायला लागतात आणि दवाखान्यात वर्षभर उशिरा येतात, मी कितीतरी पाहिल्यात.

स्पाचं पॅकेज घेऊ नका. आधी तो डिटॉक्स शब्द बघू. लसीका काही शरीराबाहेर घाण टाकणारं गटार नाही, ती सगळा माल परत रक्तात आणून सोडते, तिथून गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. उलट आपण खातो ते तूप-तेल, त्याचा बराचसा भाग आतड्यातून आधी याच नळ्यांत शिरतो आणि मग रक्तात येतो. १६२२ साली इटलीत गास्पारे असेल्ली नावाच्या डॉक्टरने नुकतंच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा त्याला आतड्याभोवती दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या, त्या याच, चरबीने भरलेल्या. म्हणजे पुरणपोळीवरचं तूप ज्या वाटेने जातं तिला विषाची वाट म्हणून दहा सेशनला विकतायत.

दुसरं म्हणजे तेल लावून जोरात रगडणं या हाताला चालतच नाही. चरांची सुरुवात कातडीच्या अगदी खाली होते, तिथल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर टेकलेल्या असतात आणि बारीक दोऱ्यांनी आजूबाजूच्या मांसाला बांधलेल्या. कातडी हलकेच ताणली की दोऱ्या ओढल्या जातात, कौल उघडतं, पाणी आत शिरतं. ताण हलकाच लागतो, जोराने रगडलं की त्या भागात रक्त जास्त येतं, पाझर वाढतो, नाजूक नळ्या दुखावतात. स्टीमचंही तेच, गरम झालं की रक्त वाढतं, रक्त वाढलं की पाझर. फ्री आहे म्हणून तर अजिबात नको.

खरा मसाज वेगळा असतो. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड वोडर या जोडप्याने १९३० च्या दशकात तो बसवला. तो आम्ही करतो तेव्हा पेशंटला वाटतं की ही बाई नुसती हात फिरवतेय, पैसे कशाचे घेते. सुरुवात सुजलेल्या हातावर करतच नाही. आधी मान, मग डावी काख, मग उजवी जांघ, म्हणजे जिथे पाणी वळवायचंय तिथली जागा आधी मोकळी करायची, आणि मग छातीवरून, पाठीवरून कातडी हलकेच सरकवत उजव्या बाजूचं पाणी डावीकडच्या चरांना लावायचं. एका पाणलोटातलं पाणी बांध ओलांडून दुसऱ्या पाणलोटात घालतो म्हणा ना. डावीकडे आईंच्या सगळ्या चौक्या शाबूत आहेत, तिथे वाव आहे. पण नुसत्या मसाजने टिकत नाही, खरं काम पट्ट्यांचं आहे. कमी ताणाच्या खास पट्ट्या थरावर थर बांधतात, मेडिकलमधली नेहमीची क्रेप बँडेज नव्हे, आणि ती बांधून व्यायाम करायचा, कारण बाहेरून पक्की भिंत असली तरच आतला स्नायू आवळल्यावर नळी दाबली जाते. दोन-चार आठवडे असं करून हात उतरला की मग मापाची बाही, जी दिवसभर घालायची आणि साधारण सहा महिन्यांनी बदलायची, कारण ती सैल पडते आणि मग नुसता दागिना होते. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलातच विचारा, लिम्फेडिमा शिकलेला फिजिओ कोण आहे. हा प्रश्न याच शब्दांत विचारा, कारण सगळ्या फिजिओंना हे येत नाही, मलाही पहिली काही वर्षं येत नव्हतं.

आता बाग. इथे मला माझी चूक कबूल करायला हवी. पूर्वी मी प्रत्येक बाईला सांगायचे, या हाताने काही उचलायचं नाही, बादली नाही, नातू नाही. सगळेच तसं सांगायचे. मग २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला, हात सुजलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, बाही घालून, हळूहळू वाढवत, आणि त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा वाढली नाही, उलट त्रासाचे झटके कमी आले. म्हणजे नातवाला न उचललेल्या किती आज्या मी तयार केल्या कोण जाणे. तेव्हा आईंना घरी बसवू नका, बसणारही नाहीत. पण आधी हात उतरवून घ्या आणि मग काम, बाही घालून, थोडं-थोडं वाढवत. दिवसभर हात वर करून थिनिंग आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं नको. अर्ध्या-पाऊण तासाने थांबून पाच मोठे श्वास, पोट फुगवून, आणि हात वर धरून मुठी वीस-पंचवीस वेळा आवळायच्या-सोडायच्या. उजवा हात कमरेखाली लोंबकळत ठेवून क्रेट वाहायचा नाही.

जखम मात्र जपायची, या हाताचे पाटकरी कमी झालेत, साध्या ओरखड्यातून जंतू पसरतात. कात्री, काड्या, तारा, म्हणून हातमोजे. छाटणीनंतर डोळे फुटायला काड्यांना लावतात त्या पेस्टचं काम आईंनी करायचंच नाही, त्यातलं डॉर्मेक्स हे औषध कातडी भाजतं, तुम्हाला माहीतच आहे, त्या कामाला गडी लावा. फवारणीच्या ब्लोअरजवळही नको. घरात तव्याचा चटका, नखं अगदी मुळाशी कापणं, डास, यांकडे लक्ष, रात्री हाताला खोबरेल तेल म्हणजे कातडी फुटणार नाही. बांगड्या डाव्या हातात भरा, उजव्यात काचेची नको. सुई आणि बीपीसाठी डावा हात पुढे करायचा, उजव्याने नुकसान होतंच असा पक्का पुरावा नाही पण दुसरा हात रिकामा असताना हट्ट कशाला. आणि कधी उजवा हात लाल झाला, गरम लागला, थंडी वाजून ताप आला तर सकाळ होऊ द्यायची नाही, रात्रीच दवाखान्यात, अँटिबायोटिक लागतात, आणि तेवढा वेळ पट्टी-मसाज बंद.

आजपासून करायचं एकच काम सांगते. दोन्ही हातांची मापं घ्या, मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटीमीटर, कोपराच्या वर दहा सेंटीमीटर. आठवड्यातून एकदा, सकाळीच, चहाच्या आधी, आणि कालनिर्णयवर त्या तारखेखाली लिहा. दोन्ही हातांत एकाच जागी २ सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर तो खरा समजतात, पण उजवा हात मुळात कामाचा असल्याने थोडा जाड असतोच, म्हणून एका मापाने घाबरू नका, आकडा वाढत चाललाय का ते बघा. डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून सोबत न्या. आणि टेप शिंप्याकडचा कापडी घ्या, घरातला स्टीलचा नको, तो हातावर नीट वळत नाही आणि कडेने कापतो.